लाकडात कोरलेला पाऊस

चित्रात पाऊस दाखवायचा झाला की आपण दहा-बारा तिरक्या रेघा ओढतो आणि मोकळे होतो. जपानमधील एका चित्रात धो-धो पाऊस आहे, पण त्याची एकही रेघ कागदावर पेन्सिलीने किंवा कुंचल्याने ओढलेली नाही. ती लाकडात कोरून छापलेली आहे.

चित्रकाराचे नाव उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८). चित्र १८५७ सालचे, ‘एदो शहरातील शंभर प्रसिद्ध देखावे’ या मालेतले. एदो म्हणजे आजचे टोकियो. सुमिदा नदीवर लाकडी पूल आहे आणि अचानक सर आली आहे. पुलावर एकच धांदल! कुणी छत्रीत शिरले आहे, कुणी इरल्यासारखी गवताची चटई डोक्यावर घेतली आहे. चेहरा एकाचाही दिसत नाही, तरी घाई कळते. नदीत मात्र एकजण लाकडांचा तराफा नेतो आहे. त्याला बिचाऱ्याला कुठे पळता येणार?

आता हे छापले कसे ते बघा. पातळ कागदावर काढलेले चित्र चेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवत. मग कोरणारा कारागीर रेघा तेवढ्या ठेवून आजूबाजूचे लाकूड काढून टाकी. मूळ चित्र त्यातच नाहीसे होई! रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात ना, तसेच हे. पावसाची रेघ दोऱ्यासारखी बारीक. ती उभी राहावी म्हणून दोन्ही बाजूंचे लाकूड कोरायचे, तेही एका रेघेसाठी नव्हे, सबंध चित्रभर. सुरी जरा घसरली की रेघ गेलीच म्हणून समजा.

प्रत्येक रंगाची फळी वेगळी. रंग जागेवर बसावेत म्हणून प्रत्येक फळीवर कागद टेकवायची खूण असे. छापणारा फळीवर रंग लावी, वर ओलसर कागद ठेवी आणि पाठीमागून गोल चकतीने घाशी. यंत्र नाहीच. वरचा काळा ढग तो फळीवरच हाताने फिका करत आणी, म्हणून दोन छापांतले ढग अगदी सारखे नसतात.

हिरोशिगेने स्वतः ना कोरले, ना छापले. तरी चित्र त्याच्याच नावाने ओळखले जाते. मला विचाराल तर पाऊस तरी कोरणाऱ्याचा म्हणावा.

हॉलंडचा चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याला हे चित्र फार आवडले. १८८७ साली पॅरिसमध्ये त्याने ते बघून तैलरंगात काढले. त्याची नदी हिरवी आहे, पूल पिवळा आहे, आणि पाऊस कुंचल्याने ओढलेला आहे.