पाइपलाइनचा ठेका : हलाल कमाई आणि विम्याचा प्रश्न

अकोल्याजवळच्या गायगाव येथे इंधनाचा डेपो आहे. मुंबई–नागपूर–झारसुगुडा ही गेलची नैसर्गिक वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या सोबतीने अमरावती जिल्ह्यातून जाते. अशा कामांत खोदाई, वेल्डिंग किंवा पोकलेन भाड्याने देण्याचे पोटठेके घेणारे आपले बांधवही असतात. त्यांच्यापुढे एक खरी अडचण उभी राहते. विम्याची पॉलिसी सादर केल्याशिवाय काम सुरू करू दिले जात नाही, आणि विमा नाजायज आहे असे तर त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते. मग या ठेक्याची कमाई हलाल राहते काय?

आधी कमाई म्हणजे काय ते पाहू. बिलावरची रक्कम म्हणजे कमाई नव्हे. त्यातून सुरक्षा अनामत रोखली जाते, आयकर कापला जातो, आणि उरलेली रक्कमही अनेकदा महिनोन् महिने लांबते. डिझेलवाला थांबत नाही, यंत्राचा मालक थांबत नाही. थांबायला लावले जाते ते मजुराला. वस्तुतः घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. तेव्हा मजुराचे देणे चुकते झाल्यावर जे उरते, तीच ठेकेदाराची कमाई.

आता विमा. प्रचलित व्यापारी विम्यावर उलेमांचे आक्षेप ठाम आहेत : सौद्यातील अनिश्चितता (गरर), जुगाराशी साम्य आणि हप्त्यांच्या पैशाची व्याजी गुंतवणूक. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1985 मध्ये असा विमा हराम ठरवला आणि परस्पर सहकार्याचा, म्हणजे ऐच्छिक देणगीवर उभा असलेला विमा योग्य ठरवला. मुस्तफा झरका यांच्यासारख्या विद्वानाचे मत याहून वेगळे होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. सुदानमध्ये 1979 पासून आणि मलेशियात 1984 च्या कायद्याने तकाफुलची वाट मोकळी झाली. आपल्या ठेकेदारासमोर मात्र ती वाट नाही. म्हणून कायद्याने वा कराराने सक्तीचा असलेला विमा गरजेपुरता घेण्यास अनेक उलेमा मुभा देतात. मुभा गरजेपुरतीच असते. नुकसान जेवढे तेवढीच भरपाई घ्यावी, दावा फुगवून नफा काढू नये. ऐच्छिक बचत-विमा या मुभेत बसत नाही.

मजुरांच्या विम्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. वऱ्हाडातील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. अशा मातीत खोल चर खणला आणि बाजूला आधार दिला नाही, तर कड केव्हा ढासळेल याचा नेम नाही. कामावर मजूर दगावला तर भरपाईचे दायित्व 1923 च्या कायद्याने मालकावर टाकले. मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे, अशी त्याची रीत आहे. तीस वर्षांच्या मजुराचा अंक 207.98 आहे. मजुरी 15000 रुपये धरली तर भरपाई 15,59,850 रुपये होते. लहान ठेकेदाराची अनेक वर्षांची शिल्लक एका दिवसात संपावी एवढी ही रक्कम आहे. त्याच्याजवळ ती नसेल तर विधवेच्या हाती काय पडणार?

हे ओझे एकट्याने न पेलता वाटून घेण्याची कल्पना इस्लामला परकी नाही. चुकून झालेल्या हत्येची दियत आकिला, म्हणजे कुळातील नातलग, मिळून भरत. मदीनेच्या करारनाम्यातही टोळ्यांवर हे दायित्व होते. मजुरांच्या विम्यात ठेकेदार स्वतःचे नशीब अजमावत नाही, तर दुसऱ्याच्या हक्काची तजवीज करतो. त्यामुळे या विम्याबाबत सवलत देण्यास आधार अधिक बळकट आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. व्यक्तिगत प्रकरणात आपापल्या मुफ्तींना विचारावे.

खेद या गोष्टीचा की जो विमा नाजायज आहे का म्हणून आपण विचारतो, तोच हप्ता वाचवण्यासाठी खोटा घेतला जातो. चरात तीस माणसे, पॉलिसीत बारा! अपघातानंतर विमा कंपनी हजेरीपट मागते, तेव्हा दावा अडतो आणि कुटुंब रिकाम्या हाताने परतते. करार पूर्ण करण्याचा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीतील आदेश इथे मोडला जातो. नवा मजूर आला की चरात उतरण्यापूर्वी त्याचे नाव हजेरीपटावर चढवावे आणि वाढलेली संख्या व खरी मजुरी विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावी.