बोटं बधिर, तळहात शाबूत

प्रश्न : मी नाशिकमध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. बधिर हाताच्या प्रश्नात कार्पल टनेल आणि मानेत दबलेली नस यांत माझी दर वेळी गफलत होते. ओळखायचं कसं?

उत्तर : आधी प्रश्नात रात्र शोधा. ‘मुंग्यांनी झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं’ असं दिसलं की निम्मं काम झालं. मग बोटं मोजा : कार्पल टनेलमध्ये अंगठा, तर्जनी, मधलं आणि अर्धी अनामिका. करंगळी बधिर असेल तर अल्नर नर्व्हकडे वळा.

खरी खोच तळहातात आहे. अंगठ्याच्या उंचवट्यावरच्या त्वचेला संवेदना देणारी मीडियन नर्व्हची शाखा मनगटाच्या आधीच फुटते आणि कार्पल टनेलच्या आतून न जाता वरून जाते. त्यामुळे तिथली संवेदना शाबूत राहते. तीही गेली असेल तर दाब मनगटाच्या वर, कोपराजवळ शोधा. मानदुखी आणि मंदावलेला बायसेप्स रिफ्लेक्स दिला असेल तर मानेतलं सी-६ मूळ.

पेपरातला रुग्ण बहुधा टायपिस्ट असतो. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर छाटणीची कात्री चालवणारी बाईही तितकीच शोभेल! गर्भारपण, हायपोथायरॉइडिझम, मधुमेह, संधिवात हे शब्द उगाच पेरलेले नसतात.

फॅलेन चाचणीत मनगट मिनिटभर वाकवून ठेवतात. निदान पक्कं करायला नर्व्ह कंडक्शन. उपचार विचारला तर सौम्य त्रासात आधी रात्रीचा स्प्लिंट. अंगठ्याचा उंचवटा झिजला असेल तर शस्त्रक्रिया.