मूलकणांचा अभ्यास आणि आपला डोंगर

मूलकण भौतिकी म्हटले की जिनीव्हाजवळचे २७ किलोमीटर परिघाचे भूमिगत यंत्र डोळ्यांपुढे येते. ‘हे शास्त्र भोर-वेल्ह्याच्या मुलांनी शिकून करायचे काय?’ असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मी याच भागातला. मराठी माध्यमातून शिकलो आणि पुढे पुण्यास विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालो. या प्रश्नाचे उत्तर एकाच कणाच्या आधारे देता येईल असे मला वाटते.

तो कण म्हणजे म्युऑन. हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद. मात्र वस्तुमानाने सुमारे २०७ पट. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेतील अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून पायॉन नावाचे कण निर्माण होतात आणि ते मोडून म्युऑन जन्मतात. हे सारे आपल्या डोक्यावर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर घडते. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. तळहात १०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तो आडवा पसरताच मिनिटाला शंभरेक म्युऑन त्यातून आरपार जातात. वेल्ह्याच्या बाजारातही जातात आणि राजगडाच्या बालेकिल्ल्यावर तर थोडे अधिकच.

आता कोडे पाहा. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाचा २.२ दशलक्षांश भाग. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. दोहोंचा गुणाकार केला की ६६० मीटर येतात. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. त्याच्या निम्मेही हे अंतर नाही! या हिशेबाने १५ किलोमीटरचा प्रवास पुरा करणारा म्युऑन सुमारे सातशे कोटींत एखादाच निघावा. मग तळहातावर शंभर येतात कोठून?

याचे उत्तर सापेक्षता सिद्धान्तात आहे. वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ आपल्या मोजणीने मंदावतो. म्युऑनचे आयुष्य हेही एक घड्याळच. त्यामुळे वेगवान म्युऑन आपल्या दृष्टीने वीस-तीस पट किंवा त्याहूनही अधिक काळ जगतो. असे कण मोडतात ही गोष्ट घड्याळासारखी वापरता येईल, हे १९३८ मध्ये दाखवून दिले ते मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी. १९४० मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पहाडांत निरनिराळ्या उंचींवर हे कण मोजले, आणि आयुष्य लांबते याचा पडताळा आला. त्यांना लागला तो डोंगर आणि कण मोजणारी उपकरणे. डोंगर आपल्यापाशीही आहे.

भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हीच वाट पुढे नेली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर म्युऑन जवळजवळ गाळले जातात. तेथे १९६५ मध्ये ओसाका व डरहॅम विद्यापीठांच्या सहकार्याने, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या.

विद्यापीठात हा विषय एकदम हाती येत नाही. आधी यामिकी व विद्युत्‌चुंबकत्व, मग सापेक्षता आणि पुंजयामिकी, शेवटी मूलकण, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. खरी दमछाक होते ती गणितात. कलन, सदिश, आव्यूह यांचा सराव ज्याने बी. एस्सी.लाच केला, त्याला पुढचा चढ सोपा जातो. इंग्रजी पुस्तकांची भीती दोन-तीन महिन्यांत मोडते. कच्च्या गणिताची मात्र वर्षानुवर्षे मोडत नाही. म्हणून खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला माझे सांगणे एवढेच, की इंग्रजीला भिऊन विषय सोडू नका आणि गणिताला कंटाळून तो धरू नका.

आणि कलाशाखेच्या मित्रांनो, वर केलेला हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडचा नव्हता. ज्या ज्ञानाचा पुरावा आपल्याच तळहातातून आरपार जातो, ते परक्यांचे म्हणून दूर ठेवण्याचे कारण नाही. त्यातले निदान एक कोडे तरी प्रत्येकाने स्वतः सोडवून पाहावे.