नरक्याची मोजदाद

आपल्या सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या भागांत ते आढळते. झाड लहानसेच. फुलांना घाण वास येतो. नाव असे, वास असा. पण गुण मोठा.

१९७२ साली या झाडात कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य सापडले. त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार करतात.

मग झालं काय? लाकडाला गिऱ्हाईक आले. झाडे बुंध्यापासून तुटली. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, पण एकदाच. झाड मात्र कायमचे गेले.

किती झाडे उरली, हे लांबून कळत नाही. रान हिरवेच दिसते. म्हणून मोजावे लागते. शास्त्रज्ञांचा एक हिशोब आहे. दहा वर्षांत किंवा झाडाच्या तीन पिढ्यांत, यातला मोठा काळ धरायचा. तेवढ्यात शंभरातली ३० झाडे गेली, तर त्या जातीला धोका आहे. ५० गेली, तर मोठा धोका. ८० गेली, तर ती जात शेवटच्या घटका मोजते आहे असे समजावे.

आपल्यालाही मोजता येईल. रानाचा एक तुकडा ठरवू. त्यात तीन गोष्टी मोजू. फळे धरणारी झाडे किती? लहान रोपे किती? ताजे खुंट किती? मोठी झाडे आहेत, पण रोप एकही नाही, तर काय समजायचे? घरात म्हातारी माणसे आहेत, पण पाळणा रिकामा आहे! पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात पुन्हा मोजू. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, की घट लगेच दिसते.

हे आकडे कुठे लिहायचे? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जैवविविधता समिती असते. तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत आपली मोजणी लिहवून घेऊ. आता आपल्याला वाचता येते. लिहिले ते बरोबर आहे का, तेही पाहू.

आणि राखण? फळांची झाडे तोडू नयेत. खुंटाला धुमारे फुटतात, ते जपावेत. पिकल्या फळांचे बी पेरून रोपे करावीत.

शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे राखून ठेवील. रानाचे बियाणे आपणच खाल्ले, तर उद्या पेरायचे काय?

सांगा पाहू : तुमच्या रानातले कोणते झाड पूर्वी पुष्कळ होते आणि आता दिसत नाही?