लेकीला वीज दाखव

अगं, लेक दिवे बंद करत नाही म्हणून रोज तिच्यावर ओरडतेस, ते आधी थांबव बघू. एवढ्याशा पोरीला युनिट म्हणजे काय ते कसं कळणार? वीज दिसत नाही, बिल येतं तुझ्या फोनवर. तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त तुझा चढलेला आवाज.

आणि खरं सांगू, राग निघतो तोही भलत्याच वस्तूवर. तिच्या खोलीतला एलईडी दिवा जेमतेम १० वॅटचा. तुझी चहाची केटल ३,००० वॅटची. ती ३ मिनिटं चालते, तेवढ्या विजेवर तो दिवा १५ तास चालेल!

२००८ साली हेलसिंकीत ‘हेहे’ या कलाकार जोडीनं काय केलं माहितेय? सॅल्मिसारीच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या वाफेवर रात्री हिरव्या लेझरनं ढग रेखला. आसपासच्या लोकांनी वीज कमी वापरली की तो ढग मोठा व्हायचा. मला हेच फार भावलं. आपण मुलांना सदानकदा ‘नको’, ‘पुरे’, ‘बंद कर’ म्हणतो; तिथे वाचवलेली वीज सगळ्या गावाला आभाळात दिसत होती. स्वीडनमध्ये तर कुणी अशी वायर बनवली, की वीज जास्त ओढली तर ती जास्त निळी उजळते.

आणि लांब कशाला, इंग्लंडात तुमच्या ब्रॅकनेलमध्येच लुक आउट डिस्कव्हरी सेंटर आहे, हात लावून, फिरवून, दाबून बघायचं विज्ञान. तिथे ने तिला, आणि घाई करू नकोस. साउथ हिल पार्कच्या जुन्या हवेलीत १९७३ पासून कलाकेंद्र आहे, तिथे मुलांसाठी काय चालू आहे तेही विचार.

मग घरी स्मार्ट मीटरच्या डिस्प्लेसमोर तिला उभी कर आणि केटल लाव. आकडा उडी मारताना ती स्वतः बघेल. रोज रात्री तिला एक ढग काढू दे: कालच्यापेक्षा युनिट कमी, तर ढग मोठा. ढग लहान झाला तर मात्र बोलायचं नाही हं. आणि थंडीत हीटिंग बंद करून कुडकुडणं म्हणजे बचत नव्हे, हे तिला नीट सांग. नाहीतर हळवी मुलं धास्ती घेतात.

या शनिवारीच सुरुवात करा दोघी. दोन कप चहाला केटलमध्ये दोनच कप पाणी घालायचं, ते काम मात्र तुझं.