रामापिथेकसचा जबडा

मानवाच्या वंशवृक्षाचे चित्र तुम्ही पुस्तकात पाहिले असेल. जुन्या पुस्तकांत या वृक्षाच्या बुंध्याजवळ ‘रामापिथेकस’ हे नाव हमखास असे. काहींत ते अजूनही आढळते. आपल्याच देशात सापडलेल्या या प्राण्याला मानवाचा आद्य पूर्वज हा मान सुमारे वीस वर्षे मिळाला होता. आज तो राहिलेला नाही. असे का झाले, ते पाहू.

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांची रांग आहे. नद्यांनी लक्षावधी वर्षे आणून टाकलेला गाळ, वाळू आणि गोटे यांचे हे थर. पुढे ते उचलले गेले, कलले आणि पावसाने झिजू लागले. त्यामुळे खोल गाडले गेलेले जीवाश्म आपोआप उघडे पडतात. येथे संशोधकाला खणावे लागते थोडे. जमिनीवर नजर खिळवून चालावे लागते फार. हाती लागतात ते बहुधा दात आणि जबड्यांचे तुकडे. दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्याने तेवढेच टिकून राहते.

१९३२ साली येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस याला, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या हरितल्यांगर परिसरात वरच्या जबड्याचा उजवीकडचा एक तुकडा मिळाला. दोन दाढा, दोन उपदाढा आणि पुढच्या दातांच्या खोबणी, एवढाच ऐवज! सुळ्याची खोबण लहान होती. चिंपँझी किंवा गोरिला यांचे सुळे मोठे असतात, आपले लहान. म्हणून लुईसला हा प्राणी मानवाच्या जवळचा वाटला. १९३४ साली त्याने त्याचे नाव ‘रामापिथेकस’ असे ठेवले. पिथेकस म्हणजे वानर. त्या वेळी हे मत कोणी फारसे मानले नाही. १९६१ साली येलच्याच एल्विन सायमन्स यांनी तो तुकडा पुन्हा तपासला आणि हाच मानवाचा पूर्वज असे प्रतिपादन केले. डेव्हिड पिलबीम यांनीही त्यांना साथ दिली.

त्यांच्या युक्तिवादात जबड्याच्या कमानीला मोठे महत्त्व होते. आपल्या दातांच्या दोन ओळी मागे जाताना एकमेकींपासून दूर जातात. मोठ्या वानरांत त्या जवळजवळ समांतर असतात. पण कमान ठरवायची तर दोन्ही बाजू हव्यात, आणि येथे होती एकच. दुसरी बाजू आरशातील प्रतिमेप्रमाणे काढली गेली. यातील अडचण घरीच पाहा. कणकेच्या चपट्या गोळ्यावर दातांचा ठसा उमटवा. पुढचे दात आणि डावी बाजू कापून टाका आणि उरलेल्या तुकड्यावरून मित्राला पूर्ण कमान काढायला सांगा. मध्यरेषा कोठे आणि किती तिरपी धरली, यावर कमान मानवासारखी होईल किंवा वानरासारखी! १९७३ साली ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी केनियात सापडलेल्या अशाच जबड्याची जुळणी केली. रामापिथेकसच्या गटात धरल्या गेलेल्या त्या प्राण्याची कमान मानवी निघाली नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून आला होता. १९६७ साली कॅलिफोर्नियातील व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. मानव आणि आफ्रिकी वानर यांच्या अल्ब्युमिनमधील फरक इतका थोडा होता, की त्यांच्या वाटा सुमारे ५० लक्ष वर्षांपूर्वीच फुटल्या असाव्यात असे गणित निघाले. रामापिथेकस तर १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीचा मानला जाई. मुलाचे वय बापापेक्षा जास्त कसे असेल? जीवाश्मतज्ज्ञांनी मात्र हे गणितच चुकीचे ठरवले.

निकाल लागला तो शिवालिकच्याच थरांत. पाकिस्तानातील पोटवार पठारावर पिलबीम यांच्या पथकाला शिवापिथेकस या वानराच्या चेहऱ्याचा बराचसा भाग मिळाला. त्याचे वर्णन १९८२ साली प्रसिद्ध झाले. उभट, एकमेकींजवळ असलेल्या नेत्रखोबणी आणि मध्ये आत गेलेला चेहरा थेट ओरांगउटानची आठवण करून देणारा होता. रामापिथेकसचे दात तर शिवापिथेकसच्या दातांपासून वेगळे काढता येईनात. ते लहान होते इतकेच. आज रामापिथेकस ही स्वतंत्र प्रजाती मानत नाहीत. त्याचे अवशेष शिवापिथेकसमध्येच धरतात, बहुधा त्यातील माद्यांचे. पूर्वी घेतलेली भूमिका पिलबीम यांनी स्वतःच सोडून दिली, ही गोष्ट मला त्या चेहऱ्याइतकीच मोलाची वाटते.

मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजांचा शोध आता आफ्रिकेत चालतो. तेथे केवळ दातांवर भागत नाही. १९७४ साली इथिओपियात हादार येथे मिळालेल्या, ३२ लक्ष वर्षांपूर्वीच्या ‘ल्यूसी’च्या कटीच्या आणि पायाच्या हाडांवरून ती दोन पायांवर चालत होती हे समजले.

शिवापिथेकसचे कोडेही पुरते सुटलेले नाही. १९९० साली त्याच्या दंडाच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले. फांद्यांना लोंबकळत फिरणाऱ्या ओरांगउटानच्या हाडांशी ती जुळत नाहीत. चेहरा ओरांगउटानचा, मग हात कोणाचे?