वेबसाइटची मांडणी : दुकानदाराने काय पाहावे?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आज आपल्यापैकी अनेकांनी धंद्याची वेबसाइट काढली आहे किंवा काढण्याच्या विचारात आहेत. पैसा खर्च होतो, मालाची छायाचित्रे चढतात, पण ऑर्डर येत नाहीत. मग आपण म्हणतो, "आपल्या लोकांना अजून हे जमत नाही." मीही दोन वर्षे हेच म्हणत होतो. दोष लोकांचा नव्हता, माझ्या मांडणीचा होता.

हुडकेश्वरला माझे कापडाचे चिल्लर दुकान आहे. माल बहुतेक गांधीबागच्या ठोक बाजारातून येतो. ओळखीच्या एका तरुणाकडून वेबसाइट करून घेतली. पहिल्याच पानावर दुकानाची हलती चित्रे होती आणि मी खूश होतो. एके दिवशी कामठीहून आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, घरी आली. तिला सुती कापड हवे होते. मी मोबाइल हातात देऊन म्हटले, "आपा, आपल्याच वेबसाइटवरून घ्या." पाच मिनिटे ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दुकानात तू आधी कापड दाखवतोस, भाव सांगतोस. इथे आधी माझा पत्ता आणि पासवर्ड कशाला मागतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आपा तर घरातली होती म्हणून बोलली. परके गिऱ्हाईक न बोलता निघून जाते.

या विषयाचा आता एक स्वतंत्र अभ्यास झाला आहे. वापरणाऱ्याला वस्तू किती सहज वापरता येते, हे त्यात तपासतात. त्यातील काही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

१) गिऱ्हाइकाला जे आधीच ठाऊक आहे, तेथून सुरुवात करा. याचे चांगले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये 1969 साली औद्योगिक रचनेचे केंद्र सुरू झाले. तेथील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी 'स्वरचक्र' नावाचा कळफलक केला. त्यात अक्षरे शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने आहेत. 'क' वर बोट ठेवले की त्याच्याभोवती का, कि, की असे चक्र उघडते आणि हवे तिकडे बोट सरकवायचे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी लिहिण्याचा सराव मला दुकानाच्या वहीने दिला. टंकलेखनाचा कळफलक मला कधी जमला नाही, पण वर्णमाला व बाराखडी पाठ होती, म्हणून हा जमला. वेबसाइटलाही हाच नियम लावा. कापडाचे गिऱ्हाईक दुकानात जे विचारते तेच पानावर त्याच क्रमाने हवे : भाव किती, मीटरचा की पूर्ण थानाचा, पन्हा किती, रंग जातो का, धुतल्यावर आटते का. माझ्या पानावर यातले एकही उत्तर नव्हते.

२) वेळ लावू नका. डेन्मार्कचे जेकब नील्सन या विषयातले जाणकार आहेत. त्यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात वेळेच्या मर्यादा दिल्या आहेत. एका सेकंदापर्यंत माणसाची विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. माझ्या हलत्या चित्रांनी गिऱ्हाइकाचा हा वेळ खाल्ला होता. साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्ये पान उघडून पाहा, म्हणजे खरे कळेल.

३) लिपीचा मान राखा. उर्दू पान द्यायचे असेल तर केवळ अक्षरे उर्दू करून भागत नाही. वाचणाऱ्याची नजर उजवीकडून सुरू होते, म्हणून यादी, बटणे, बाण सगळेच फिरवावे लागते. आकडे व फोन नंबर मात्र डावीकडूनच वाचले जातात. नस्तालीक लिपी उतरत्या ओळीची असल्याने दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे. मराठीतही ओळी दाटल्या तर मात्रा व उकार एकमेकांत अडकतात.

४) पाच माणसे बसवा. नील्सन यांनी 2000 साली हिशेब मांडला की एक माणूस तपासायला बसला तर सरासरी सुमारे 31 टक्के अडचणी दिसतात आणि पाच माणसांत सुमारे 85 टक्के. त्यांचा सल्ला असा की पंधरा जणांना एकदम बसवू नये. पाच बसवावेत, दुरुस्ती करावी, मग दुसरे पाच बसवावेत. याला खर्च चहाचा. शेजारी, शिंपी, कॉलेजची मुलगी, कोणीही चालेल. त्यांना एकच काम द्या : "दोन मीटर पांढरे सुती कापड मागवा." मग स्वतः गप्प बसा. हेच सर्वांत कठीण आहे. बोट जेथे अडते ते लिहून ठेवा. तेथे सांगायला धावू नका, कारण घरी बसलेल्या गिऱ्हाइकाजवळ तुम्ही नसाल.

५) सोय आणि फसवणूक यांत फरक ठेवा. शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, "फक्त एकच नग उरला" अशी खोटी घाई, अशा मांडणीने विक्री वाढतेही. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे गिऱ्हाइकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेता येत नाही. माप आखडून दिलेला मीटर आणि लपवलेला खर्च ही एकच गोष्ट आहे. भरोसा एकदा गेला की तो कोणत्याही सवलतीने परत येत नाही.

आपाच्या त्या प्रश्नानंतर मी हलती चित्रे काढली, भाव व पन्हा वर आणला आणि पत्ता सर्वांत शेवटी मागू लागलो. पासवर्ड तर मागतच नाही. ऑर्डरींचा पूर आला असे म्हणणार नाही. पण पूर्वी फोन यायचा तो "कसे मागवायचे?" म्हणून, आता येतो तो "माल कधी पोहोचेल?" म्हणून. या आठवड्यात आपणही आपली वेबसाइट घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि पाच मिनिटे शांत बसून पाहा.